दातांत धरलेला टॉवेल

बाबांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांचा उजवा हात लुळा पडला. आम्ही जामसंड्याला राहायचो. बाबा खाडीत पागाने मासे धरायचे, आई ते बाजारात विकायची. जीव वाचला याचं बाबांना काही कौतुक नव्हतं. भेटेल त्याला एकच विचारायचे, "मी परत पाग टाकतलंय काय?"

फिजिओथेरपिस्ट बाई वैभववाडीला होत्या. एसट्या बदलत तिथे जायचं आणि खांदा आणखी दुखवून परत यायचं. एक दिवस बाबा गाडीत चढायलाच तयार होईनात. फोनवरच व्यायाम सांगा, म्हणून मी बाईंना गळ घातली, तर त्या उखडल्या. "हात लावल्याशिवाय खांदा कळतो का? उद्या फोनवरून जेवायला वाढ म्हणशील!"

मीही तिखटच बोलले. पण बाईंनी हात झटकले नाहीत. रविवारी स्वतः घरी आल्या, खांदा चाचपला, आईला हात कुठे धरायचा ते शिकवलं. जाताना म्हणाल्या, "आता फोनवर करून बघू. पण दुखलं तर लपवायचं नाही."

मग रोज संध्याकाळी मी रिसीव्हर बाबांच्या कानाशी धरायची. आईने उजव्या हाताला आधार द्यायचा, बाबांनी दोन्ही हातांत टॉवेल धरून हात पुढे न्यायचे आणि मोठ्याने आकडे म्हणायचे. आकडे ऐकू आले की श्वास कोंडलेला नाही हे बाईंना पलीकडे कळायचं.

एकदा आकडे बंदच पडले. "काका? जीभ जड झाली का? काका!" बाई पलीकडून हाका मारू लागल्या. मी रिसीव्हर ओढून घेतला.

"काही नाही हो, त्यांनी टॉवेल दातांत धरलाय."

"दातांत? कशाला?"

"पाग टाकताना धरतात तसा!" मी खेकसले. मग सांगितलं, पाग म्हणजे कडेला शिशाचे मणी लावलेलं गोल जाळं. एक कड दातांत धरायची, बाकीचं दोन्ही हातांवर घ्यायचं आणि कमरेतून वळून फेकायचं. बाबांच्या हातात कापड आलं आणि तोंड आपोआप उघडलं.

मला वाटलं, आता ओरडतील. बाई खो खो हसल्या आणि चौकशीच करत बसल्या. कंबर कुठे वळते? दात कधी सोडायचे? चांगलं पडलं हे कसं कळतं?

"जाळा गोल पडाक व्हया," बाबा म्हणाले. "शिशे सगळे एकदम वाजाक व्हये."

त्या दिवसापासून व्यायाम टॉवेलच्या पागाचा झाला. आकडे हात मागे नेताना म्हणायचे, टॉवेल दातांत त्यानंतर धरायचा. इतक्या लांबून, न बघता, दुसऱ्याचं काम एवढं समजून घेणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. मला बाईंचा फार अभिमान वाटायचा, जणू माझीच थोरली बहीण.

पावसाळा सरेपर्यंत उजव्या हातात पकड आली आणि बाबा खाडीत गुडघाभर पाण्यात उभे राहिले. मी मामाचा मोबाइल मागून आणला होता. बाई पलीकडून ऐकत होत्या. जाळं गोळा होऊन ढप्पकन पडलं.

"काका, एका जागी पडलं ना?"

"तुमका थयसून दिसता काय?" बाबा वैतागले.

"ऐकू येतं. घाई नको. कंबर आधी."

बाबांनी जाळं परत आवरलं, कड दातांत धरली आणि वळले. या वेळी सगळे मणी एकदम पाण्यात वाजले. किनाऱ्यावर आई रडायला लागली. फोनमधून बाईंनी नाक ओढल्याचं ऐकू आलं.

मी फोन बाबांच्या कानाशी नेला. त्यांची नजर पाण्यावरून हलेना.

"बाय, आता फोन ठेव गो," ते बाईंना म्हणाले. "माका काम आसा."