आधी शेळीचा कान

चित्रकलेचा शिक्षक व्हायचं तर आता पदविका पुरत नाही, पात्रता परीक्षाही पास करावी लागते. आणि या परीक्षेत चित्रच काढायचं नसतं. चार पर्यायांतला एक गोल काळा करायचा, एवढीच काय ती चित्रकला! ज्याच्या डोक्यातून हा नियम निघाला, त्याला एकदा माझ्यासमोर साधा माठ काढायला बसवावं, असं मला फार वाटतं.

सोलापुरात मी अशाच होऊ घातलेल्या शिक्षकांना शिकवतो. रोज सकाळी एकानं फळ्यावर रंगीत खडूनं चित्र काढायचं, मग तास सुरू, ही आमची पद्धत. जेऊरकडच्या एका मुलीची पाळी असली की बाकीचे लवकर यायचे. तिच्या घरी शेळ्यामेंढ्या. रंग उठून दिसावा म्हणून खडू साखरेच्या पाण्यात भिजवून ती शेळी काढायची, तीही कानापासून.

"आदी कान काढायचा सर, मग शेळी आपसूक वळून बगती," असं ती म्हणायची. आणि शेळी खरंच बघायची.

परीक्षेत मात्र ती दोनदा आपटली. गणित आडवं आलं. ज्यांना धड माणसाचा हात काढता येत नव्हता ते पास झाले. मी वैतागलो आणि नको ते बोललो, "फळा बंद कर. नवी पेठेतल्या दुकानातून गाईड आण आणि पाठ कर."

तिनं ऐकलं. वर्षभर तिच्या हातात खडू दिसला नाही. तिसऱ्यांदा पास झाली, पेढे घेऊन आली आणि मीही चारचौघांत शेखी मिरवली.

परवा नातेपुत्याला गेलो तेव्हा ती आता शिकवते त्या शाळेत डोकावलो. चित्रकलेचा तास चालला होता. फळ्यावर प्रश्न होता, यांपैकी दुय्यम रंग कोणता? खाली चार पर्याय. मुलं मान खाली घालून उतरवून घेत होती.

"हे काय गं?"

"तुमीच म्हणला हुता की सर, हेच कामाला येतं."

"अगं, पोरांना तुझी शेळी तरी दाखव."

ती लाजली. खडू घेऊन तिनं कान काढला. पुसला. पुन्हा काढला आणि तिथंच थांबली.

"हात बसंना सर. लई दिस झालं."

नियम करणाऱ्यांना मी उठता-बसता शिव्या घालतो. पण फळा बंद कर, असं तिला सांगणारा मीच होतो. लाज वाटली. मी दाराकडे वळलो, तेवढ्यात पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, ह्यो कान बी वहीत लिवून घ्यायचा का?"