दाराबाहेरच्या चपला

वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारल्यावर दरवळणारा तो ओलसर, मातकट गंध आजही नाकाशी आला की मला एक दुपार आठवते. सत्तरच्या दशकातला नागपूरचा एप्रिल होता. महाविद्यालयात मानसशास्त्राची अधिव्याख्याता म्हणून मी नवी होते, समुपदेशनातील ध्यानाचे स्थान हा माझ्या प्रबंधाचा विषय होता, आणि आपल्याला दोन्हींतलं कळतं अशी माझी पक्की समजूत होती.

ध्यान मी लहानपणी विहारात शिकले. चपला दाराबाहेर काढायच्या, डोळे मिटायचे, श्वास पाहायचा. तिथे कुणी कुणाला काही विचारत नसे. समुपदेशनाची मात्र सुरुवातच विचारण्याने होते. त्या दुपारी सुजाता, कन्हानहून बसने येणारी माझी अबोल विद्यार्थिनी, झोप लागत नाही म्हणून महाविद्यालयातल्या माझ्या खोलीत आली, तेव्हा मी विहारातली रीत उचलली आणि विचारायचं विसरले. डोळे मिट, श्वासाकडे पाहा, एवढंच म्हणाले. चार-पाच श्वासांनंतर तिचा श्वास घशातच अडकला, चेहरा पांढराफटक पडला, आणि मी उठेपर्यंत ती निघून गेली होती. तिच्या चपला दाराबाहेर तशाच होत्या.

डांबर वितळवणाऱ्या त्या उन्हात ती अनवाणी कुठे गेली असेल, या विचाराने मला बसवेना. अर्धा तास वाट पाहिली, मग चपला हातात धरूनच कन्हानची बस गाठली. बसमध्ये झळा लागत होत्या आणि मला मात्र गार घाम येत होता.

तिच्या आईने दार उघडलं. "सुजाता तं नाही आली जी अजून," ती म्हणाली, आणि तिची नजर माझ्या हातांकडे गेली. "तिच्या चपला तुमच्यापाशी काहून?"

खोलीत घडलं ते सगळं मी सांगितलं. तेव्हा तिने सांगितलं, की थोरला मुलगा गेल्या पावसाळ्यात नदीत बुडाला, सुजाताच्या डोळ्यांदेखत. आम्ही दोघी नदीकडे धावत सुटलो. इतकी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती. त्या भीतीत माझ्या अब्रूचीही काळजी होती, हे कबूल करायला हवं.

सुजाता काठावर बसली होती, आटलेल्या पाण्यात भाजलेले पाय सोडून. आईने तिला गच्च धरलं. "मॅडम, डोये मिटले का भाऊच दिसते," सुजाता माझ्याकडे न पाहता म्हणाली. "श्वास घ्याले गेलं का नाकातोंडात पाणी जाते."

मी चपला तिच्यापुढे ठेवल्या आणि ऊन उतरेपर्यंत शेजारी बसून राहिले.

पुढे प्रबंध झाला, सुजाताही शिक्षिका झाली, ध्यान शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. माझ्या चेहऱ्यावर शांती आहे, असं लोक म्हणतात. पण समोरचं माणूस डोळे मिटतं तेव्हा मी माझे मिटत नाही; दार किंचित उघडं ठेवते, आणि बाहेरच्या चपलांवर नजर ठेवून बसते.