पत्र्याच्या खोलीतले चाळीस सेकंद

बसवराज गेल्याचा फोन आला तेव्हा मी ग्रंथालयात होतो. धाराशिवच्या एका महाविद्यालयात मी ग्रंथपाल आहे, आणि वाचनकक्षात फोन घ्यायचा नाही हा नियम मीच लावलेला. महानंदा वहिनींचं नाव पडद्यावर दोनदा आलं आणि दोनदा मी फोन कापला. मला वाटलं, बसूच बायकोच्या फोनवरून बोलत असेल. आणि तो काय विचारणार ते मला ठाऊक होतं. तिसऱ्यांदा मात्र बाहेर व्हरांड्यात जाऊन घेतला. "भावजी, हे गेले," एवढंच वहिनी म्हणाल्या. लोहाऱ्याहून सास्तूरला परत येताना त्याच्या छातीत कळ आली असावी. त्यानं मोटारसायकल रस्त्याकडेच्या चिंचेखाली नीट स्टँडवर लावली, खोडाला टेकून बसला, आणि बसलेलाच लोकांना सापडला. चाळिशीही गाठली नव्हती त्यानं... आता दोन महिने होत आले. त्याच्याविषयी लिहायला बसतो आणि पहिल्यांदा आठवतात ते हे दोन कापलेले फोन.

आमची ओळख धाराशिवच्या वसतिगृहातली. मी तामलवाडीचा, तो सास्तूरचा. खोली एक, पंखा एक. मी भिंतीकडे तोंड करून वाचत पडायचो आणि तो माझ्या ट्रंकेवर बोटं वाजवत बसायचा. त्याच्या डाव्या हाताचं मधलं बोट अर्धंच होतं. लहानपणी बैलांना वैरण कापताना कडबाकुट्टीच्या यंत्रात गेलेलं. गावातल्या एका म्हाताऱ्या हलगीवाल्याच्या मागं मागं फिरून तो हलगी शिकला. आपल्या घरात हे कुणी केलं नाही म्हणून त्याचे वडील, अप्पा, वर्षभर त्याच्याशी धड बोलले नव्हते. पुढं तो शेतीला लागला, मी पुस्तकांना. पण मी पहिला लॅपटॉप घेतला तेव्हा तो मुद्दाम धाराशिवला आला, खिशातून मोबाइल काढला आणि मला एक आवाज ऐकवला. खडखड, खडखड, मध्येच पेंढी अडकल्यावर जड होणारा, मग पुन्हा मोकळा.

"वळखलास?"

"कडबाकुट्टी."

"अर्धं बोट घेतलंय हिनं माझं. आता हिच्याकडनं काम करून घ्यायचं. हिच्यावर हलगी टाकतो म्या, खालनं तू काँप्युटरचा बास लाव. लोकं नाचत्याल का न्हाय बघ."

आमच्या जोडीचं नाव 'कुट्टी' पडलं ते तेव्हाच. मला गाणं येत नव्हतं, वाद्य येत नव्हतं. मी ध्वनिमुद्रणाची पुस्तकं मागवली, खुणा करत वाचली, आणि लॅपटॉपवर बीट बसवायला शिकलो. दर शनिवारी दुपारची एसटी धरायची, रविवारी संध्याकाळी परत. सास्तूरला त्याच्या पक्क्या घरामागं पत्र्याची एक जुनी खोली होती. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर लोकांना राहायला मिळालेल्या शेडचे पत्रे अप्पांनी टाकून दिले नव्हते. त्यांचीच ती केलेली. बसूनं आतून चारी भिंतींना वाकळा लटकवल्या, मध्ये एक माइक उभा केला, आणि आमचा स्टुडिओ झाला. वहिनी चहा घेऊन आल्या की म्हणायच्या, "भावजी, थंडीत पांघरायला काय ठिवलं न्हाय ह्यांनी घरात. सगळं भिंतीला घातलंय."

त्या खोलीत त्याची एक रीत होती. हलगी शेकून झाली, माइक सुरू झाला, की तो लगेच वाजवायचा नाही. हात वर करायचा आणि म्हणायचा, "थांब. खोली वाजू दे." मग तो, मी आणि तापलेला पत्रा, असे तिघं गप्प. मला ते नाटक वाटायचं. एकदा विचारलं तर हलगीवर हात फिरवत म्हणाला, भूकंप झाला तेव्हा तो चार वर्षांचा होता. त्या सकाळी ढिगारे उपसताना मध्येच कुणीतरी हात वर करायचा आणि सगळं गाव गप्प व्हायचं... खालून कुणाचा आवाज येतो का ते ऐकायला. तो रडत होता म्हणून अप्पांनी त्याच्या तोंडावर हात ठेवला आणि कानडीत म्हणाले, "सुम्मनिर." गप्प राहा. त्या शांततेतच त्याच्या मोठ्या बहिणीचा आवाज लागला आणि ती जिवंत निघाली. हे सांगून बसू म्हणाला, "चल, घे आता," आणि वाजवायला लागला. मी मात्र ती सुरुवातीची शांतता प्रत्येक रेकॉर्डिंगमधून कापत राहिलो. गाण्यात तिचा उपयोग नव्हता.

आमच्या गाण्यांचे दोन तुकडे फोनवरून फिरत फिरत पुण्यातल्या एका क्लबमध्ये पोचले. तिथल्या माणसानं मला फोन करून विचारलं, "कुट्टी सर केरळचे का?" स्पीकरवर ऐकत असलेला बसू म्हणाला, "व्हय, लोहारा केरळ." त्या माणसाला नाचण्याजोगा पुरा अल्बम हवा होता. आठ ट्रॅक, एकाच वेगाचे, एकातून दुसऱ्यात जाताना ठेका जराही न हलणारे. म्हणजे प्रत्येक ठोका घड्याळाच्या रेघेवर हवा. बसूचा हात असा नव्हता. अर्ध्या बोटामुळं डाव्या हातातली काडी केसभर उशिरा पडायची. चौथ्या ठोक्याला तो जरा मागं राहायचा, जसं पायात काटा असलेला माणूस एक पाऊल सांभाळून टाकतो. पुस्तकात यावर उपाय होता. एक कळ दाबली की मागं राहिलेला प्रत्येक ठोका ओढून रेघेवर बसतो. मी धाराशिवला बसून आठही ट्रॅकवर ती कळ दाबली. खोलीचा पत्रा, वारा, श्वास, तेही काढून टाकले. अल्बम स्वच्छ झाला. मला अभिमान वाटला, हे कबूल करायला हवं.

ऐकायला आम्ही दोघं पुण्याला गेलो. निळ्या उजेडात पोरं-पोरी कडबाकुट्टीवर नाचत होती, आणि बसू इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून भिंतीला टेकून उभा होता. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. तो एकदाही हलला नाही. परतीच्या गाडीत सोलापूर येईपर्यंत तो मांडीवर बोटं वाजवत होता. मग म्हणाला, "लई चांगलं झालंय. पण ह्यात माझा हात कुठाय?"

"तुझाच आहे सगळा."

"माझा हात चौथ्याला थांबतोय. ह्यो कुठंच थांबंना."

मी थकलो होतो. कौतुकाची वाट बघत होतो. मी म्हणालो, "नाचणाऱ्याला काय कळतंय बसू, अर्ध्या बोटाचं?"

तो खिडकीकडे वळला. तामलवाडी आली, मी उतरलो. "येतो," म्हणालो. त्यानं मान हलवली... त्यानंतर कितीतरी शनिवार मी सास्तूरला गेलो नाही.

आधी फोन त्यानंच केला. रागावलेला नव्हता. "मला ती कच्ची रेकॉर्डिंग दे," म्हणाला. "जशी वाजली तशी. क्लबला न्हाय, आपल्यापुरतं पुन्हा लावू." अल्बम पुरा झाला तेव्हा लॅपटॉपवर जागा उरली नव्हती. ग्रंथालयात आम्ही जीर्ण पुस्तकं दरवर्षी बाद करतो. त्याच हातानं मी सगळी कच्ची रेकॉर्डिंग बाद करून टाकली होती. पुस्तक बाद करताना मी दुसरी प्रत आहे का ते आधी बघतो. इथं बघितलं नव्हतं. दुसरी प्रत नव्हतीच. हे त्याला तेव्हाच सांगता आलं असतं. मी म्हणालो, "शोधतो."

मग दर आठवड्याला फोन. पावसापाण्याचं, सोयाबीनचं, पोरीच्या शाळेचं बोलून झालं की शेवटी सहज विचारल्यासारखं, "सापडलं का रे?" आणि मी म्हणायचो, एक जुनी डिस्क आहे, बघतो. डिस्क नव्हती. पुढं पुढं मी त्याचे फोन कामात असल्यासारखे कापायला लागलो.

तेराव्यानंतर काही दिवसांनी मी सास्तूरला गेलो. अप्पा ओसरीवर बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, "या," म्हणाले आणि पुन्हा रस्त्याकडे बघू लागले. वहिनींनी पाणी दिलं. मी येतानाच ठरवून आलो होतो. पेला हातात धरूनच सांगितलं, की बसूच्या हातचं माझ्याकडं काहीच नाही, सगळं मीच पुसलं, आणि त्याच्याशी खोटं बोललो.

वहिनींनी माझ्या हातातला पेला घेऊन खाली ठेवला. मग म्हणाल्या, "त्यांना म्हाईत होतं."

"काय?"

"पहिल्याच दिवशी कळलं होतं त्यांना. फोन ठिवला आन् म्हणाले, पुसलंय त्यानं. मी म्हटलं, मग कशाला इचारताय दर बारीला? तर म्हणाले, सांगंल की. त्याला येळ लागतो, पुस्तकातला माणूस हाय."



मी उठून मागच्या पत्र्याच्या खोलीत गेलो. वाकळा तशाच होत्या. हलगी खुंटीला, माइकवर फडकं. मी लॅपटॉप उघडला. एक फाइल माझ्याकडे उरली होती, ती घरी सापडल्यापासून मी ऐकली नव्हती. ध्वनिमुद्रण स्वच्छ करायचं तर प्रोग्रामला आधी नमुना द्यावा लागतो, की हा बघ गोंगाट, हा सगळीकडून वजा कर. त्यासाठी मी बसूच्या त्या 'खोली वाजू दे'मधले चाळीस सेकंद वेगळे कापून ठेवले होते. फाइलीचं नाव 'गोंगाट'. वेगळ्या ठिकाणी होती म्हणून पुसायची राहिली.

मी ती तिथंच बसून लावली. आधी काहीच नाही. मग उन्हानं ताणलेला पत्रा, टक्... लांब कुठंतरी कुणाची कडबाकुट्टी. आणि अगदी जवळ, माइकच्या तोंडाशी, संथ चाललेला श्वास. मी आठही गाण्यांतून वजा केला तो हा. मी आपसूक हात वर केला, जणू खोलीत आणखी कुणी बोलत होतं आणि त्याला गप्प करायचं होतं. शेवटी तो श्वास जरा मोठा होतो. माणूस बोलायच्या आधी घेतो तसा. पुढं तो "चल, घे आता," म्हणाला असणार. पण फाइल तिथंच संपते. पुढं त्याचा आवाज लागत होता, आणि मला तेव्हा फक्त गोंगाट हवा होता.