मान्साचा लिहाज

फोन आला तेव्हा मी एका आजीबाईंची नाडी मोजत होतो. बत्तीसपर्यंत आलो होतो. पलीकडून बीडचे डॉक्टर म्हणाले, "सर, तुमचे रशीदभाई गेले." मी "बरं" म्हणालो, फोन ठेवला आणि तेहेतिसापासून पुढे मोजायला लागलो. आजीबाईच म्हणाल्या, "डॉक्टर, अजून किती मोजायलाय?"

त्याला आता दीड महिना झाला. "मूळव्याधीनं माणूस मरतो का हो?" असं वडवणीत मला कितीजणांनी विचारलं. मी मान हलवत राहिलो. ती होकाराची होती की नकाराची, त्यांना कळलं नसेल... मलाही नाही. आज सांगतो.

रशीदभाई फळं विकायचे. बावीस वर्षांपूर्वी मी इथे दवाखाना टाकला तेव्हा समोरच त्यांचा गाडा होता. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. गिऱ्हाइकानं टरबूज हातात घेतलं की सुरीनं तिकोनी खाप काढून त्याच्यापुढे धरायचे. "वरून काय बघता? आतून बघा." खाप फिकी निघाली तर फळ बाजूला, गिऱ्हाईक "चालतंय" म्हणालं तरी देत नसत. नव्या डॉक्टरकडे कोण येणार, पण ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "पोरगं दिसतंय, पण हात गोड हाय." त्या पहिल्याच वर्षी एका म्हाताऱ्याला जांघेतल्या खरजेवरून मी दार उघडं असतानाच मोठ्यानं झापलं. बाहेर त्याची सून बसली होती. संध्याकाळी रशीदभाई रस्ता ओलांडून आले. "डॉक्टरसाब, दवा कमी द्या, पण मान्साचा लिहाज ठेवा. त्यो आता सुनंम्होरं जेवायला कसा बसंल?" दुसऱ्या दिवशी मी पडदा आणला. दांडी त्यांनीच भिंतीत ठोकली, जराशी तिरकी. त्या दिवसापासून मी पडद्याआड, हळू आवाजात बोलायला शिकलो. माझ्या धंद्यातली सगळ्यात चांगली सवय मला त्यांनी लावली. आणि तीच...

ते गेले त्याच्या आदल्या दुपारी रशीदभाई पडद्याआड आले, स्टुलावर बसले आणि नेहमीसारखा डावा हात पुढे केला. न सांगता हात पुढे करणारा हा माझा एकटाच पेशंट.

"सकाळधरनं तीनदा झालं. रक्त. डाळिंब फोडल्यावानी लाल."

"चक्कर येते?"

"उठताना जरा. उन्हाचं असंल. तुमी कावून एवढं तोंड पाडलंय? बीडला धाडू नका बरं का, उद्या बाजार हाय."

नाडी शहात्तर. रक्तदाब नेहमीपेक्षा कमी, पण फार नाही. खूप रक्त गेलं की नाडी पळते; या शहात्तरनं मला गाफील केलं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयात स्टेंट टाकली होती. तेव्हापासून रक्त पातळ ठेवणारी एक आणि नाडी आवरून धरणारी एक, अशा गोळ्या चालू होत्या. त्यांची चिठ्ठी दर महिन्याला मीच लिहायचो. म्हणजे ती शांत नाडी माझ्याच गोळीची होती, आणि मी तिच्यावर विश्वास ठेवला.

आतड्याच्या खालच्या भागातून रक्त जात असलं तर धोका किती, हे जोखायची एक रीत आहे. वय, आधी कधी असं झालं होतं का, गुदद्वाराची बोटानं तपासणी, नाडी, रक्तदाब, हिमोग्लोबिन... प्रत्येकाचे गुण मांडायचे, आणि बेरीज अगदी कमी आली तरच घरी पाठवायचं. त्याचा तक्ता माझ्या टेबलाच्या खणात आतून चिकटवलेला आहे. मी खण उघडला. हातमोजे तिथेच असतात. खोक्याला हात लावला तेव्हा रशीदभाईंनी नजर खाली घातली. किंवा मला तसं वाटलं. ते म्हणाले, "खणात काय हुडकता डॉक्टरसाब? दुखणं तर हितं बसलंय." मी हसलो आणि खण लावला. रक्त तपासायचंही परवावर टाकलं. चिठ्ठीवर मूळव्याध लिहिलं, मलम दिलं, तिखट बंद सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गाड्याशेजारीच कोसळले. मी सलाईन लावून त्यांना बीडला पाठवलं. तासाभरानं तिथल्या डॉक्टरांचा फोन आला. "सर, तुम्ही बोटानं तपासलं होतं ना?"

मी म्हणालो, "हो. मोड आहेत."

खोटं बोलायचं मी ठरवलं नव्हतं. बावीस वर्षं प्रॅक्टिस केलेल्या माणसानं एका तरुण डॉक्टरला "नाही" कसं म्हणायचं, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. मोड नव्हतेच. रक्त वर मोठ्या आतड्यातून येत होतं, ते बीडच्या डॉक्टरांना दुपारी कळलं. संध्याकाळी मला सुरुवातीला सांगितलेला तो फोन आला. माझ्या त्या उत्तरानं किती वेळ गेला? वेळेत कळलं असतं तर ते वाचले असते? हा हिशेब मी रोज वेगवेगळ्या बाजूंनी मांडतो आणि रोज उत्तर वेगळं येतं.

हे छापायला देण्याआधी मी रशीदभाईंच्या बायकोला, नजमाभाभींना, सगळं सांगितलं. गाडा आता त्याच लावतात. त्यांनी सुरी फडक्यानं पुसली. मग म्हणाल्या, "त्येंनी करू दिलं असतं का तुमाला?"

बुडत्याला काडी मिळावी तसं मी ते वाक्य धरलं. "नसतं दिलं, भाभी. त्यांना लाज वाटली असती."

"तुमी इचारलं व्हतं का?"

"...नाही."

"मग लाज कुणाला वाटली?"

एवढं बोलून त्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. टरबुजाची खाप काढली, पुढे धरली. मी तसाच रस्ता ओलांडून आलो.

काल एक निवृत्त गुरुजी आले होते. तीच तक्रार, तशीच खाली घातलेली नजर. मी पडदा ओढला. दांडी तिरकी असल्यानं तो नेहमी थोडा घसरतो, फट राहते. ती फट एका हातानं धरून मी विचारलं, "गुरुजी, तपासू का?"

"नको हो डॉक्टर... कशाला ते."

मी हातमोज्यांचा खण उघडला, या वेळी उघडाच ठेवला आणि पुन्हा विचारलं.