समर्थचं जॅकेट

समर्थ गेल्यावर साधनाताईंना भेटायला येणारा प्रत्येक जण काही ना काही सुचवून जायचा. कुणी ध्यानाचं शिबिर, कुणी हवापालट. त्यांच्याच शाळेत शिकवणाऱ्या योगिनी मॅडमनी मात्र एक पुस्तक हातात ठेवलं. जपानी कादंबरी, मराठीत आणलेली. "यात कुणी कुणाला दुखवत नाही," एवढंच त्या म्हणाल्या.

एकुलता एक मुलगा. चांदवडहून मोटारसायकलवर येताना हायवेवर गेला. साधनाताई मधल्या सुट्टीत थोडं थोडं वाचू लागल्या.

समुद्रकाठच्या गावात एक म्हातारी गरम पाण्याचं स्नानगृह चालवते. थकलेली माणसं येतात, हौदात बसतात, हलकी होऊन जातात. तिचा स्वतःचा मुलगा मासेमारीला जाऊन परतलेला नसतो. शेवटी ती त्याचा जपून ठेवलेला अंगरखा एका कुडकुडणाऱ्या वाटसरूच्या खांद्यावर घालते आणि कितीतरी वर्षांनी तिला गाढ झोप लागते.

साधनाताईंना त्या झोपेचा लोभ सुटला.

जानेवारीचे दिवस. पाथर्डी फाट्यावरच्या त्यांच्या सोसायटीचा वॉचमन सोमा पातळ शर्टावर उभा असायचा. नवऱ्याला न विचारताच त्यांनी समर्थचं निळं जॅकेट खाली नेऊन दिलं. सोमा संकोचला, मग त्याने ते घातलं. बाह्या अगदी बरोबर बसल्या.

संध्याकाळी जयरामराव कामावरून आले. गेटशी सोमा पाठमोरा उभा होता. त्यांनी स्कूटर तशीच आडवी सोडली आणि हाक मारली, "सम्या!" सोमा वळला.

वर येऊन ते बुटांसकट पलंगावर बसून राहिले. म्हणाले, "मला विचारायचंस तरी."

दुसऱ्या दिवशी साधनाताई खाली गेल्या. दिलेली वस्तू परत मागताना जीभ रेटेना. "सोमा, ते जॅकेट मला परत हवंय. तुला नवीन स्वेटर आणते."

त्याने कारण विचारलं नाही. "उद्या आणून देतो, ताई."

आणलं ते नीट घडी घालून. अंगावरचं तसंच कसं द्यायचं, म्हणून बायकोने स्वच्छ धुऊन दिलं होतं. घरात येऊन साधनाताईंनी कॉलर नाकाशी धरली. नुसता साबणाच्या पावडरीचा वास. समर्थचं तेल, त्याचा घाम, सगळं धुऊन निघालं होतं. एवढे महिने त्या जॅकेटला त्यांनी पाणी लागू दिलं नव्हतं, पण ते सोमाला कुठून ठाऊक असणार?

जयरामरावांनीही वास घेतला. जॅकेट खुर्चीवर टाकलं आणि आत निघून गेले.

योगिनी मॅडमनी विचारलं, कशी वाटली कादंबरी? साधनाताईंनी पुस्तक परत केलं.

"छान आहे. पण सकाळी उठल्यावर ती म्हातारी काय करते, ते लिहिलेलं नाही."

सोमाने नवा स्वेटर घेतला, पण अजून घातलेला नाही. साधनाताई हल्ली मागच्या गेटने शाळेत जातात. लांब पडतं, तरी.