नव्या चुलीवरचा चहा

परदेशातल्या एका वीज कंपनीने आमेरच्या पलीकडच्या गावांत बिनधुराच्या चुली फुकट वाटल्या होत्या. त्यांच्यामुळे इथे जेवढा धूर वाचेल, तेवढा कंपनीने आपल्या नावावर दाखवायचा आणि तिकडे खुशाल कोळसा जाळत राहायचं. याला कार्बन क्रेडिट म्हणतात. मी जयपूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. चुली रोज वापरतात की नाही, हे बघून सही करायचं काम माझ्याकडे आलं. मला कोण अभिमान वाटला होता!

तीन दिवस घरोघर हिंडले. जावं तिथे नवी चूल पेटलेली, वर चहा उकळतोय. मी चहा प्यायचे, 'रोज वापरात' असं लिहायचे आणि पुढच्या घरी जायचे. कंपनीच्या वतीने चुली वाटणाऱ्या संस्थेचा अधिकारी सोबत असायचा. आपल्याच नागपूरकडचा, त्यामुळे गप्पाही रंगायच्या.

चौथ्या दिवशी शेवटच्या घरी चहा देता देता सुनेला खोकल्याची अशी उबळ आली, की तिला उभं राहवेना. पाणी द्यावं म्हणून मी माठ शोधत मागच्या पडवीत गेले. तिथे मातीची जुनी चूल धडधडत होती. भिंत काळीकुट्ट, डोळे चुरचुरायला लावणारा धूर, आणि भल्यामोठ्या तव्यावर बाजरीची भाकरी. सून मागोमाग आली. नव्या चुलीचं तोंड लहान, त्यावर हा तवा बसतच नाही, असं तिने सरळ सांगून टाकलं. मग आज ती पेटवली कशाला, मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"आप मेहमान हो, मैडमजी. मेहमान की चाय सबके यहाँ उसी पे बनती है."

सगळ्यांकडे! अगं बाई, चार दिवस मी स्वतःचाच पाहुणचार मोजत होते. आणि म्हणे शिकलेली.

जीपमध्ये बसून मी एकेका घराची नोंद खोडायला घेतली. राग अधिकाऱ्यावर होता की माझ्यावर, देव जाणे. त्याने आधी समजावलं. मग माझ्या कॉलेजात आपली कुणाकुणाशी ओळख आहे, ते सावकाश सांगितलं. तरी मी खोडत राहिले.

"मॅडम, तुमची सही नसली तर तिकडे कंपनीला खरंच कोळसा कमी जाळावा लागेल."

मी बिनसहीचा कागद त्याच्या हातात ठेवला.

"मग जाळू दे की कमी," मी म्हटलं.