वाळ्याच्या पाण्याचा तांब्या

काल नातीनं माठात वाळा टाकला आणि त्या वासानं मला थेट परभणीच्या आमच्या जुन्या ओसरीवर नेऊन बसवलं.

निजामाचं राज्य होतं. शाळेत सगळं उर्दूत चालायचं, इंग्रजी तेवढी आमच्या बाई मराठीतून समजावायच्या. त्या सकाळी त्यांनी माणसाला राजी करण्याचे इंग्रजी शब्द शिकवले होते. ‘टॉक इनटू’ म्हणजे बोलून बोलून गळी उतरवणं, ‘विन ओव्हर’ म्हणजे मन जिंकून घेणं, ‘वेअर डाउन’ म्हणजे पिच्छा पुरवून थकवणं. शाळा सुटल्यावर मी त्यांना सांगितलं, उद्यापासून आबा मला धाडणार नाहीत.

भर उन्हात बाई चालत घरी आल्या. आईनं वाळ्याच्या पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. बाई आता त्यातला कोणता शब्द वापरतात, ते बघायला मी दाराआड उभी राहिले.

"पोरीला शाळेत पाठवा," एवढंच त्या म्हणाल्या.

"पोरगी मोठी झाली, बाई. लोक नावं ठेवायलेत," आबा म्हणाले.

बाईंनी तांब्याला हातही लावला नाही.

"पाणी तरी घ्या," आबा म्हणाले.

"तुम्ही हो म्हणा, मग घेते."

दारी आलेलं माणूस पाण्यावाचून परत जाणं आमच्याकडं लय वाईट. आबा उठले, अंगणात फिरून आले.

"बरं, धाडतो. घ्या आता."

तेव्हा मला वाटलं, बाईंनी आबांना हरवलं. आता आठवतं ते वेगळंच. बाईंनी तांब्या एका दमात रिकामा केला, पदरानं तोंड पुसलं आणि आईला हळूच म्हणाल्या, "अजून एक देता?"